दहा चाकीच्या टूल बॉक्समध्ये काय असावं, आणि कुठे पाना लावू नये

विचारणा अशी आहे: 2019 मॉडेलचा, बीएस 4 (प्रदूषण नियमांचा चौथा टप्पा) इंजिनाचा दहा चाकी ट्रक सेकंड हँड घेतला आहे. सांगलीहून न्हावा शेवा बंदर, परतीला मिळेल तो माल. क्लीनर परवडत नाही म्हणून ड्रायव्हर एकटाच, अधूनमधून मालक स्वतः ट्रिप मारतात. दुकानदाराने शंभराहून जास्त नगांचा गोटी (सॉकेट) सेट दाखवला आहे, चकचकीत पेटीसकट. तो घ्यावा का? भंगार बाजारातली जुनी हत्यारं चालतील का? आणि मिस्त्रीकडे न नेता कोणती कामं आपली आपण करावीत?

मालक, तो सेट घेऊ नका. त्या पेटीतल्या अर्ध्याअधिक गोट्या बारीक मापाच्या असतात, उरलेले स्क्रूचे बिट. ट्रकवर त्यांचं काम पडतं ते डॅशबोर्ड उघडताना. आपला हात जातो 13, 17, 19, 22, 24, 27, 30 आणि 32 मिलीमीटरवर. तेवढेच पाने घ्या, पण चांगले घ्या: एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले. 24 पासून वरच्या मापांच्या गोट्या आणि अर्ध्याऐवजी पाऊण इंची चौकाचा दांडा. अर्धा इंची रॅचेट पाटे (स्प्रिंग) एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या नटाला लावून वर पाइप चढवला की आतले दात तुटतात आणि माणूस तोंडावर आपटतो. टपारियाचे पाने नाशिकच्या सातपूरचे, जालंधरचेही बरेच चांगले येतात. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. पाना हातात घेऊन नव्या नटावर बसवून बघा. डगडगला तर परत ठेवा. ढिला पाना नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला नट रात्री दोन वाजता रस्त्याकडेला छिन्नीने तोडावा लागतो.

एवढं झालं की पाने विसरा. तुमचा खरा खर्च व्हायला हवा तो मोजायच्या वस्तूंवर. एकट्या ड्रायव्हरच्या गाडीवर मालकाचं काम उघडून दुरुस्त करण्याचं कमी आणि बिघाड आधी ओळखण्याचं जास्त असतं. उघडायला मिस्त्री आहे, त्याला त्याचे पैसे द्या. पण कुठलं चाक तापतंय, कुठल्या टायरात हवा कमी आहे, कुठला नट हलला, हे मिस्त्रीला गॅरेजात उभ्या गाडीवर दिसत नाही. ते रस्त्यावर तुम्हालाच दिसतं.

पहिली वस्तू हवेचा गेज. ड्रायव्हर लोक टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर ठोकून हवा सांगतात. पंक्चर आणि भरलेला यातला फरक ठोकून कळतो, 80 पौंड आणि 110 पौंड यातला कळत नाही. मागच्या जोडटायरांत आतला टायर 80 वर आला तर बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण वजन बाहेरच्या टायरवर जातं, आतला चुरगळून तापतो आणि दोघांपैकी एक फुटतो. 160 पौंडांपर्यंतचा, लांब दांड्याचा आणि दोन तोंडांचा गेज घ्या, म्हणजे आतल्या चाकाच्या वॉल्व्हपर्यंत पोचतो. मोजायचं ते गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी. उन्हात पळून आलेल्या टायरात दाब दहा-पंधरा पौंडांनी चढलेला असतो, तो बघून हवा सोडायची नाही. सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर बसतो. ढाब्यावर ‘हवा जास्त झाली’ म्हणून वॉल्व्ह दाबणारे बरेच आहेत. ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी वस्तू तापमान मोजायची गन. कोरोनाच्या काळात कपाळाला लावायचे ती नव्हे, तिची पट्टी माणसाच्या अंगापुरती असते. कारखान्यात वापरतात ती, तीन-चारशे अंशांपर्यंत दाखवणारी, दीड-दोन हजारांच्या आत मिळते. तुमच्या रूटवर भरलेली गाडी जे मोठे उतार उतरते त्यातले दोन लक्षात ठेवा: कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा आणि मग बोरघाट. घाट उतरल्यावर खालापूरच्या पुढे सुरक्षित जागा बघून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमवर गन धरा. आकडा किती याला फार महत्त्व देऊ नका, एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्यातला फरक बघा. समजा बाकी चाकं 120 च्या आसपास आणि एक 210 वर आहे: ते चाक ब्रेक सोडत नाही, किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट उलटी आहे. बाकी चाकं 120 आणि एक 60 वर, म्हणजे ते ब्रेकच मारत नाही. लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर) तेल आलंय, हवेने ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरचा डायाफ्राम फाटलाय नाहीतर लायनर झिजल्यावर अंतर भरून काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर अडकलाय. थंड ड्रमला हात लावून ‘हे चाक चांगलं आहे’ म्हणणारा माणूस खरं तर एका चाकाचा ब्रेक नसलेली गाडी चालवतो, आणि त्या चाकाचं काम बाकीच्या ड्रमांवर पडतं.

उताराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नवले पुलावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड गाडीने कितीतरी गाड्यांना ठोकलं होतं, तेव्हापासून त्या उताराची चर्चा थांबलेली नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर जातो, एक्झॉस्ट ब्रेकचा (धूर अडवून इंजिनाकरवी वेग कमी करणाऱ्या) उपयोग राहत नाही, सगळा भार लायनरवर. त्यात कोणी इंजिनच बंद केलं तर कंप्रेसर थांबतो आणि पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की टाकीतली हवा संपते, पॉवर स्टिअरिंगही जातं. वाचतं म्हणावं तर तेही नाही. या इंजिनात गिअर टाकून पाय काढला की डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं जळतच राहतं.

आता चाकाचे नट. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण चाक निखळण्याचे जे प्रकार पाहिले त्यात नट कमी आवळलेले होते तसेच जास्त आवळलेलेही. दहा चाकीच्या नटाला साधारण 600 न्यूटन मीटरच्या आसपास आवळ लागतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. याचा हिशेब सोपा आहे: एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर साधारण 60 किलोचा माणूस स्थिर उभा राहिला, की झाले 600. मग दोन मीटरचा पाइप चढवून त्यावर उड्या मारणारा ड्रायव्हर काय करतो ते बघा. स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो चाकाचा बोल्ट, ताणला जातो, त्याची पकड संपते, आणि पुढच्या खड्ड्यांत तो तुटतो. ‘एवढा आवळला होता तरी तुटला’ म्हणतात. आवळला होता म्हणूनच तुटला.

गिअरवाला व्हील पाना हल्ली सगळ्यांकडे दिसतो, हाताने हँडल फिरवलं की नट सुटतो. एकट्या ड्रायव्हरला तो द्याच, कंबर वाचते. पण तो फक्त सोडायला. त्याच्यात ताकद पन्नासपटीच्या वर वाढते आणि हाताला काही जाणवत नाही. त्याने आवळायला बसलात तर स्टड कधी ताणला हे कळणारही नाही. आवळायचं ते सरळ दांड्याने आणि समोरासमोरचे नट घेत. एकाच दिशेने गोल फिरत आवळलं तर डिस्क तिरकी बसते. डिस्क आणि ड्रम जिथे टेकतात तिथला गंज, माती आणि रंगाचे थर तारेच्या ब्रशने काढा. बॉडी रंगवताना तिथे दोन-तीन हात रंग बसलेला असतो. शंभर किलोमीटरमध्ये तो दबतो आणि घट्ट वाटणारे नट ढिले होतात. म्हणून चाक काढून बसवलं की पन्नास ते शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचं, ही गोष्ट टाळू नका. पंक्चरवाल्याने एअर गनने ‘कट्ट’ आवाज येईपर्यंत मारले, तरीही.

नटाखालून गंजाची लाल रेघ बाहेर आलेली दिसली की तो नट हलतोय. एक स्टड तुटला तर तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बदला, दोन तुटले तर त्या चाकाचे सगळे. तुटलेल्याचा भार शेजाऱ्यांनी घेतलेला असतो, ते दिसायला चांगले असले तरी थकलेले असतात. आणि माप: गाडीनुसार 30, 32, 33 अशी येतात. 33 चा पाना 32 च्या नटाला बसतो खरा, पण कोपरे मारतो. तुमच्या गाडीचं माप कॅलिपरने घ्या आणि पान्यावर रंगाने खूण करा.

जॅक 20 टनांचा बाटली जॅक पुरतो. पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी पाहिजेतच, ज्या कुठलाही दुकानदार सांगत नाही. एक, फूटभर लांब-रुंद जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट. पावसाळ्यात रस्ता सोडून काळ्या मातीत गाडी उभी राहिली तर जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. दुसरी, बाभळीचे ठोकळे: दोन चाकांना लावायला पाचरीसारखे तासलेले आणि दोन चौकोनी, एक्सलखाली ठेवायला. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही. सखाराम, गणपत, कोणी का असेना, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी नाही. ठोकळे असले की रस्त्यावरचे दगड चाकाला लावावे लागत नाहीत. काम झाल्यावर दगड तसाच लेनमध्ये सोडून जाणारे आपलेच लोक, आणि रात्री त्यावर पडणारा मोटारसायकलवाला कोणीतरी दुसराच असतो.

ग्रीसिंग स्वतः करा. हे काम बाहेर दिलं की पोरगं दिसणाऱ्या निपलांना (ग्रीस भरायच्या बारीक तोंडांना) दोन-दोन ठोके मारून मोकळं होतं. गन घ्या, एपी 3 ग्रीसचा डबा घ्या आणि एकदा सगळी निपलं मोजून कागदावर लिहा: पाट्यांच्या शॅकल पिन, पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंग पिन, ब्रेकचे कॅम शाफ्ट, स्लॅक अ‍ॅडजस्टर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि स्लिप जॉइंट. क्रॉसला ग्रीस मारताना चारही टोकांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनच टोकांतून आलं तर चौथं बेअरिंग कोरडं आहे आणि पुढचा आवाज तिथूनच येणार. किंग पिनला ग्रीस मारताना पुढचा एक्सल जॅकवर उचला. वजन खाली असलं की पिन एका बाजूला दाबून बसलेला असतो आणि ग्रीस घासणाऱ्या बाजूला पोचतच नाही. निपल तुंबलं तर त्याच्याशी झगडू नका, नवं लावा, चहाच्या पैशांत येतं. कॅम शाफ्टला मात्र हात आखडता ठेवा. जास्तीचं ग्रीस ड्रमच्या आत लायनरवर उतरतं.

हवेचा ब्रेक. रोज सकाळी टाकीचे ड्रेन ओढून पाणी काढा. पाण्याबरोबर तेल येऊ लागलं तर कंप्रेसर तेल टाकतोय किंवा हवेतला ओलावा शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय, मिस्त्रीला सांगा. हवा पूर्ण भरली की चाकांना पाचरी लावून इंजिन बंद करा, ब्रेकवर मिनिटभर पाय दाबून धरा आणि काटा बघा. सरसर उतरला तर साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन जॉइंट शोधा. नायलॉन पाइपचे दोन-तीन मापांचे तुकडे आणि दाबून बसवायचे जोड बॉक्समध्ये असू द्या. घासून फुटलेली एअर लाइन त्यावर पाच मिनिटांत चालू होते. नाहीतर एवढ्याशा पाइपसाठी गाडी घाटात अडकते.

स्लॅक अ‍ॅडजस्टरबद्दल मात्र जुन्या ड्रायव्हरचं ऐकू नका. जुन्या गाड्यांना ते हाताने आवळावे लागत, म्हणून ब्रेक लांब झाला की खाली शिरून पाना फिरवायची सवय लागली. तुमच्या मॉडेलला बहुधा ऑटोमॅटिक आहेत, ते आपलं आपण अंतर घेतात. ते पुन्हा पुन्हा हाताने आवळावे लागत असतील तर ते खराब झालेत किंवा कॅम-बुश घासलेत. आवळून तुम्ही आजार झाकता, आणि तो बोरघाटात उघडा पडतो. तपासायचं असेल तर गाडीला पाचरी लावून पार्किंग ब्रेक सोडा, चेंबरमधून बाहेर येणाऱ्या पुशरॉडवर खडूने खूण करा, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि रॉड किती बाहेर आला ते पट्टीने मोजा. डावं-उजवं सारखं हवं. 40-45 मिलीमीटरच्या पुढे जाऊ लागलं की गाडी गॅरेजात न्या.

आता जिथे पाना लावायचाच नाही त्या जागा.

मागच्या चाकांचा जोड ब्रेक चेंबर. त्याच्या मागच्या खणात पार्किंग ब्रेकची दाबून बसवलेली स्प्रिंग असते. हवा गेली आणि चाकं जाम झाली तर चेंबरसोबत मिळणारा लांब बोल्ट मागून घालून, फिरवून, स्प्रिंग मागे ओढायची आणि गाडी बाजूला घ्यायची. एवढंच. तो बोल्ट कुठे ठेवलाय आणि कसा घालायचा हे ड्रायव्हरला घरी उभ्या गाडीवर शिकवा. चेंबरचा पट्टा उघडायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही.

लॉक रिंगची चाकं. ट्यूब टायर असतील तर रिम दोन-तीन तुकड्यांची असते. हवा असलेल्या चाकाची रिंग ठोकून बसवायची नाही, आणि हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. पिंजरा नसेल तर चाकाला साखळी गुंडाळून, लांब पाइपने, बाजूला उभं राहून भरायची. खराब झालेलं जोडचाक काढताना नट सोडण्याआधी वॉल्व्ह काढून दोन्ही टायरांची हवा सोडा. तडकलेली रिम नटांनीच धरून ठेवलेली असू शकते. हवा असलेल्या चाकाच्या रिमवर वेल्डिंग किंवा गॅस मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

कॉमन रेलचे पाइप, म्हणजे जबर दाबाचं डिझेल नोझलकडे नेणारे. जुन्या पंपाच्या इंजिनात कुठला सिलिंडर मारत नाही हे बघायला चालू इंजिनावर एकेक नोझल पाइप ढिला करायचे. तुमच्या इंजिनाला कॉमन रेल असेल तर त्या पाइपमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्याही वर जाऊ शकतो. त्यातून सुटलेली बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. गाडीने एअर घेतली तर फिल्टरवरचा हँड पंप मारून फिल्टरजवळच्या स्क्रूमधून हवा काढायची, इंजिन बंद ठेवून. त्याच्या पुढे स्कॅनरवाला. डिझेल फिल्टर मात्र स्वतः बदलू शकता. बदलल्यावर त्यावर मार्करने किलोमीटर लिहा. नवा फिल्टर वरून कॅनमधलं डिझेल ओतून भरू नका, त्यातला कचरा थेट नोझलकडे जातो. पंपाने ओढू द्या.

बॉडीवाल्याकडे गाडी वेल्डिंगला लावली तर तिथे हजर राहा. दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा आणि इंजिन कंट्रोलरचा कनेक्टर आधी काढायला लावा, आणि वेल्डिंगची अर्थ जिथे जोडतोय त्याच्या जवळच धरायला सांगा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक किंवा वेल्डिंग करू द्यायचं नाही. पाट्याला तर कधीच नाही. वेल्डिंग केलेला पाटा तिथूनच शेजारी तुटतो.

बॅटरीबद्दल एक राहिलं. गाडी 24 व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. ड्रायव्हर टेप आणि मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतो. मग ती एक उतरत राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर घ्या. बॅटऱ्यांच्या किमतीपुढे तो काहीच नाही. वायरिंग तपासायला टेस्ट लॅम्पऐवजी साधा मल्टिमीटर ठेवा, कंट्रोलरच्या तारांत दिवा खुपसला की नको तिकडे करंट जातो.

2019 चं मॉडेल बीएस 4 असल्याने एक्झॉस्टच्या प्रणाल्या कंपनीप्रमाणे वेगळ्या आहेत. यूरियाची टाकी असेल तर 32.5 टक्क्यांचं सीलबंद डीईएफच (एक्झॉस्टसाठीचं यूरियाचं द्रावण) घाला. शेतातला यूरिया पाण्यात कालवून देणारे हायवेवर भेटतात. त्यांच्याकडून घेतलेल्या बादलीचा हिशेब पुढे कॅटलिस्ट बदलताना द्यावा लागतो.

भंगार बाजारातून जुनी हत्यारं घ्यावीत का, हेही तुम्ही विचारलं होतं. पाने, टॉमी, घण, छिन्नी बिनधास्त घ्या. जुने फोर्ज केलेले पाने नव्या स्वस्त मालापेक्षा चांगलेच निघतात. फक्त तोंड फाकलेलं नाही ना आणि कुठे वेल्डिंगचा डाग नाही ना, एवढं बघा. टोकाला फुलासारखी पसरलेली छिन्नी आधी ग्राइंडरवर सरळ करून घ्या, नाहीतर तिचा तुकडा डोळ्यात उडतो. जॅक, गेज आणि टॉर्क पाना मात्र नवेच घ्या. टॉर्क पाना मोठ्या मापाचा महाग पडतो. एका गाडीसाठी तो घेण्याऐवजी, ज्या टायरवाल्याकडे आहे त्याच्याकडून तुमच्यासमोर आवळून घ्या आणि आपल्या मीटरभर दांड्याचा अंदाज त्याच्याशी पडताळून बघा.